गावरान भाषण आणि सरकारी कागद

मंडळी, आमच्या औशात सभेहून परतलेल्या माणसाला "काय म्हणाले पुढारी?" असं विचारलं, तर हल्ली एकच उत्तर मिळतं. "लई हसवलं बगा बाई!" कशावर हसवलं तेही अगदी हावभावासकट सांगतात. पण पाण्याचं काय म्हणाले, पीकविम्याचं काय म्हणाले असं विचारलं, की माणूस जरा थांबतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, "ते काय ध्यानात नाही. पण माणूस आपल्यातला वाटला."

हे जे 'आपल्यातला वाटला' आहे ना, त्याबद्दल आज लिहायचं आहे. लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग नगरपालिकेची आली. भाषणं कानावर पडतच राहिली. सगळ्याच पक्षांचे पुढारी आता गावरान बोलतात. बरोबर म्हणी आणतात, चिमटे काढतात, मध्येच एखादी शिवीही हासडतात. लोक शिट्ट्या मारतात. मी बी.ए. मराठीतून केलेली, आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई. भाषा हा माझा विषय, म्हणून हे लिहायचं धाडस करते. राजकारण मला कळतं असा दावा नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पुढाऱ्यानं बोलीत बोलावं याला माझा विरोध नाही. उलट आनंदच आहे. आमची लातूर-औशाकडची बोली पुण्यामुंबईच्या माणसाला कानाला वेगळी लागते. "कुठं जाऊलालाव?", "काय करूलालाव?" असं आम्ही विचारतो. माझ्या पुण्यातल्या भाचेमंडळींना लहानपणी याचं भारी हसू यायचं. शहरात गेलेली आमची पोरं पहिल्या महिन्यात काय शिकत असतील, तर हे 'लालाव' गिळायला! वर्गात मी प्रमाण मराठी शिकवली, कारण परीक्षेला आणि नोकरीच्या अर्जाला तीच लागते. आजही शिकवीन. पण मधल्या सुट्टीत ओट्यावर डबा खाताना मी आणि माझ्या वर्गातल्या मुली बोलीतच बोलायचो. जागा बदलली की भाषा बदलते, त्यात ढोंग काही नसतं.

विलासराव देशमुखांचं उदाहरण घ्या. बाभळगावचे सरपंच झाले, पुढं दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. शिक्षण पुण्यात, वकिलीची पदवी. मुंबईत ते सफाईदार बोलत आणि लातूरला आले की इथल्या माणसाशी इथल्यासारखं बोलत. लोकांना ते आवडायचं आणि त्यात मला काही खोटं वाटलं नाही. २०१२ साली ते गेले, तरी त्यांच्या हजरजबाबीपणाच्या गोष्टी आमच्याकडं अजून चहाबरोबर निघतात.

त्याहून मागं जा. कंधारचे केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्षाचे पाच वेळा आमदार, १९७७ साली नांदेडचे खासदार, आणि २०२३ च्या पहिल्याच दिवशी, शंभरी ओलांडून गेले. विधानसभेत ते ठासून मराठवाड्याच्या रांगड्या मराठीत बोलायचे. गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवणारा हा माणूस! ज्यांच्या बोलण्याला कुणी भाषा म्हणायला तयार नव्हतं, त्यांना त्यांनी व्यासपीठावर बसवलं. सांगलीचे वसंतदादा पाटील शाळा फारशी शिकलेले नव्हते. बोलणं अगदी साधं शेतकऱ्याचं. पण विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी द्यायचा निर्णय १९८३ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्या निर्णयाचं बरंवाईट काय झालं हा वेगळा विषय, पण खेड्यातल्या बोलीच्या माणसाला मोठा निर्णय घेता येतो हे लोकांनी पाहिलं. इतकी वर्षं सत्तेची भाषा वेगळी आणि आपली वेगळी असं मानणाऱ्या लोकांना त्यातून केवढा आधार मिळाला असेल!

तेव्हा बोलीत खोट नाही. मग बिघडतं कुठं?

सांगोल्याचं उदाहरण देते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार गुवाहाटीला गेले होते. तिथून सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील..." तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. खरं सांगायचं तर ते भाषण नव्हतं. आपल्या माणसाशी केलेल्या मोकळ्या गप्पा होत्या, आणि बोली अस्सल होती. दोष द्यायचा तर मी आपल्याला देईन. आपण त्याची रिंगटोन केली, गाणी केली, लग्नाच्या वरातीत वाजवली. आमच्याकडं ते पेरणीचे दिवस होते. एक सरकार पडत होतं, दुसरं येत होतं. मतदारांनी निवडून दिलेले आमदार दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात का बसलेत, हा प्रश्न कुठल्याही बाजूच्या माणसाला पडायला हवा होता. त्याचं उत्तर समर्थकाला पटलं असतं, विरोधकाला नसतं. पण प्रश्नच झाडीत हरवला. हसून झाल्यावर माणसाला वाटतं, आपलं बोलणं झालं. तसं झालेलं नसतं.

आणि याच सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं होतं. एसटीनं प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती. दुष्काळी तालुक्याचं पाणी हा त्यांचा जन्मभराचा विषय. २०२१ साली ते गेले. त्यांचं एखादं गाजलेलं वाक्य मला आठवतं का, असं मी स्वतःला विचारलं. एकही आठवलं नाही. एसटी मात्र आठवते. 'आपल्यातला' असण्यासाठी त्यांना तसं बोलून दाखवावं लागलं नाही.

आता दुसरा प्रकार. हा मला जास्त खटकतो. गावरान बोलण्याच्या नावाखाली उर्मटपणा.

२०१३ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार त्यावर जे बोलले ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सभेत हशा झाला. नंतर राज्यभर संताप झाला, त्यांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. तेवढं तरी त्यांनी केलं हे नोंदवलं पाहिजे. २०१७ साली तुरीचं पीक उदंड आलं, खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा भाजपचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांसमोर बोलताना, एवढी तूर घेतली तरी रडतात, असं एका शिवीसकट म्हणाले. २०२५ च्या जूनमध्ये परतूरचे आमदार बबनराव लोणीकर, टीका करणाऱ्या तरुणांना उद्देशून, तुमच्या अंगावरचे कपडे आणि पायातले बूट आमच्या सरकारमुळं आहेत अशा अर्थाचं बोलले. पक्ष कुठलाही धरा. मी मुद्दाम वेगवेगळे घेतले.

असं काही झालं की कुणीतरी बचावाला येतंच. "अहो, ती आमची ग्रामीण भाषा आहे. मनात काही नसतं."

इथं मला माझ्या बोलीची बाजू घ्यावीशी वाटते. कोण म्हणतं ही ग्रामीण भाषा आहे? आमच्या बोलीत शिव्या आहेत, नाही कशाला म्हणू. बैलाला देतात, मोटार बंद पडली की मोटारीला देतात, जिवलग मित्राला तर हटकून देतात. पण ज्याच्या घरी दुःख आहे, ज्याचं पीक गेलंय, त्याच्या दारात गेलेला खेड्यातला माणूस कसा बोलतो ते ऐका. आवाज खाली येतो. "आवं मामा, जेवलाव का काय? आसं बसून कसं जमंल?" अनोळखी म्हाताऱ्यालाही आम्ही 'मामा' म्हणतो, बाईला 'मावशी' म्हणतो. बोलीला व्याकरण असतं तशी रीतही असते. कुणाला काय बोलायचं, कुठं थांबायचं, हे निरक्षर बाईलाही नेमकं कळतं. गांजलेल्या माणसाची टर उडवणं ही आमची रीत नव्हे. ती सत्तेची सवय आहे. तिच्या अंगावर आमचं धोतर चढवलं, म्हणून ती गावाकडची होत नाही.

नात्यांच्या शब्दांचंही तेच. दादा, ताई, भाऊ, आबा, बापू, अण्णा. आपलं राजकारण म्हणजे एक भलंमोठं एकत्र कुटुंब झालं आहे! गोड वाटतं कानाला. पण घरातल्या थोरल्या भावाला हिशोब विचारणं आपल्याकडं उद्धटपणा मानतात. निवडून दिलेल्या माणसाला मात्र हिशोब विचारायचाच असतो. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. आमच्या गल्लीतल्या बायकांना त्याचा उपयोग झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. कुणी औषधं आणली, कुणी पोराची फी भरली. योजनेला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच ऑगस्टमध्ये बडनेऱ्याचे आमदार रवी राणा अमरावतीत बोलून गेले, की मतांचा आशीर्वाद दिला नाही तर हाच भाऊ ते पैसे परत काढून घेईल. ओरड झाल्यावर, ते गमतीनं बोललो, असा खुलासा आला. गंमत? पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे त्या बाईनं मीठ-तेल घेताना भरलेल्या करातले. ते भावाची ओवाळणी कधी झाले? 'नागरिक' हा शब्द कोरडा खरा, पण नागरिकाला हक्क असतो. बहिणीला ओवाळणी घालायची की नाही, ते भावाच्या मर्जीवर असतं.

हे आपल्याकडंच चालतं असं नाही. अमेरिकेचे धाकटे जॉर्ज बुश मोठ्या घराण्यातले, येल आणि हार्वर्डला शिकलेले. पण अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, १९९९ साली, त्यांनी टेक्सासात मोठं कुरण घेतलं आणि साध्या रांगड्या गडीमाणसाचं बोलणं-चालणं लोकांपुढं ठेवलं. लोकांना ते जवळचे वाटले. म्हणजे आपणच भोळे आहोत अशातला भाग नाही!

आता मुख्य मुद्द्यावर येते. पुढाऱ्याची बोली खरी की दिखाऊ, हे उच्चारावरून ओळखता येत नाही. नट चांगला असला तर कुणाचीही बोली बोलेल. माझी कसोटी साधी आहे. सभेत बोलीत बोलणारा माणूस सरकारी कागद बोलीत समजावून सांगतो का?

आमच्या भागात सोयाबीन हे मुख्य पीक, म्हणून पीकविम्याचंच उदाहरण घेते. २०२३ च्या खरिपात एका रुपयात विमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला. शेतकऱ्याला आपला हिस्सा भरावा लागला, आणि भरपाईचे नियमही बदलले. त्याआधी पावसानं आपल्या एकट्याच्या रानाचं नुकसान झालं, तर ७२ तासांत कळवायचं आणि पंचनामा व्हायचा. ते कलम गेलं. मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या उत्पादनावर भरपाई ठरू लागली. कागदावर शब्द कसे असतात बघा. अधिसूचित विमा क्षेत्र, जोखीमस्तर, उंबरठा उत्पादन. मी मराठीची शिक्षिका, पण 'उंबरठा उत्पादन' पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढं घराचाच उंबरठा आला!

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात काय झालं ते मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. लातूर, धाराशिव, नांदेड, बीड, सगळीकडं पाणीच पाणी. काढणीला आलेलं सोयाबीन शेतात कुजलं. सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते वेगळं. पण विम्याचं काय, असं विचारत लोक फिरत होते. माझे जुने विद्यार्थीही कागद घेऊन माझ्याकडं आले. विमा भरलाय, पीक गेलंय, मग पैसे का नाहीत? नियम बदलला हेच कित्येकांना माहीत नव्हतं.

तो नियम आमच्या बोलीत सांगता येत नाही का? येतो की. मी सांगितला तो असा:

"हे बगा, मागल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरायची. त्या पाच वर्षांत आपल्या मंडळात सोयाबीनचा सरासरी उतार किती आला ते काढायचं. त्यातलं शंभराला सत्तर धरायचं. औंदा समद्या मंडळाचा उतार त्याच्या बी खाली आला, तरच पैसे. तुमच्या एकट्याच्या रानात वढ्याचं पाणी शिरलं अन् बाकी मंडळात पीक बरं आलं, तर ह्या विम्यातून कायबी मिळत नाही."

पाच वाक्यं झाली. मिनिटभरही लागलं नाही. माणसं ऐकून गप्प झाली, कारण बातमी वाईट होती. पण निदान कळली. आता मला सांगा, तासभर बोलीत नकला करणाऱ्या पुढाऱ्याला हे एक मिनिट का सापडत नाही? मला तरी कारण उघड दिसतं. विनोद बोलीत केला की टाळी मिळते. नियम बोलीत सांगितला की पुढचा प्रश्न येतो. "मग ते कलम काढलं कुणी? अन् तुम्ही तवा काय केलाव?" म्हणून हसवायचं काम आमच्या भाषेत, आणि नाही म्हणायचं काम कागदाच्या भाषेत. कागद कुणाला कळत नाही, त्यामुळं 'नाही' कुणी म्हटलं हेही कळत नाही.

बोलीचा खरा वापर बघायचा असेल तर गाडगेबाबा आठवावेत. त्यांचं कीर्तन अस्सल वऱ्हाडी. लोकांना हसवायचे, प्रश्न विचारून बोलतं करायचे. पण कशासाठी? कर्ज काढून सण करू नका, देवापुढं कोंबडी-बकरी कापू नका, पोरांना शाळेत घाला. समोरच्याला न आवडणारी गोष्ट त्याच्याच भाषेत सांगायची. आणि आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, मग रात्री बोलायचं. राजकारणात त्या वाटेवर काही पावलं चाललेले आर. आर. आबा पाटील. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं. साध्या भाषेत समजावलं आणि गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली. त्याच आबांना २००८ साली मुंबईवरच्या हल्ल्यानंतर एक सैल वाक्य बोलल्यामुळं गृहमंत्रीपद सोडावं लागलं. म्हणजे एकाच माणसाच्या मोकळ्या बोलण्यानं गावं स्वच्छ झाली, आणि वेळेचं भान सुटल्यावर तेच मोकळं बोलणं अंगाशी आलं. कुठं, कुणापुढं, कशासाठी बोललो, याला उच्चारापेक्षा जास्त महत्त्व असतं.

उलट उदाहरणही आमच्याच भागातलं आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण. लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. हसणं बेताचं, बोलणं शिस्तीचं. आजच्या सभेत त्यांना कुणी पाच मिनिटं ऐकलं नसतं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आपण म्हणतोच. पण जायकवाडी आणि विष्णुपुरीचं नाव निघालं की त्यांचं नाव निघतं. आणि किल्लारी तर आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढचे कित्येक महिने मंत्री आले, अधिकारी आले, परदेशी आणि परप्रांतीय आले. अनेकांना धड मराठीही येत नव्हती. कोण आपल्यासारखं बोललं, असं तिकडच्या लोकांनी मला कधी सांगितलं नाही. पत्र्याचं शेड कुणी उभं केलं, औषध कुणी आणलं, नावासकट सांगतात.

शुद्ध बोलणारा पुढारी प्रामाणिक असतो, असं मात्र मला म्हणायचं नाही. अलंकारिक मराठीत गोड फसवणारेही मी खूप ऐकले आहेत. भाषा शुद्ध की गावरान, यावरून माणसाचं माप निघत नाही, एवढंच.

मग आपण काय करावं? हसू नये का? हसावं की! आमच्या मराठवाड्यात हसण्यासारखं तसं फार नाही. जे मिळतं ते घ्यावं. पण हसून झालं की आपल्याच बोलीत, हात वर करून, दोनच गोष्टी विचाराव्यात. "दादा, हे लई ग्वाड बोललाव. आता आमचं काम कवा होणार ते सांगा. अन् नाही होणार, तर का नाही होणार ते बी आशाच भाषेत सांगा." जो खरंच आपल्यातला असेल, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. आपल्या घरातली माणसं एकमेकांना असंच विचारतात.

असो. लांबलं थोडं, शिक्षकी सवय! तुमच्याकडच्या पुढाऱ्यांची बोली कशी आहे, आणि त्या बोलीत तुम्हाला कधी एखादं सरळ उत्तर मिळालं का, ते जरूर लिहा. परगावच्या भाचेमंडळींनी तर नक्कीच लिहावं. आणि लिहिताना 'लालाव' गिळू नका.